पेरूमधील स्पॅनिश राजवटीचा इतिहास कसा अभ्यासावा

पेरूच्या वसाहतीचा इतिहास वाचायला घेणारा वाचक बहुधा १६ नोव्हेंबर १५३२ या दिवसापासून सुरुवात करतो. त्या दिवशी काहामार्काच्या चौकात फ्रान्सिस्को पिझारोच्या १६८ माणसांनी इंका सम्राट आताहुआल्पा याला पकडले, त्याच्याकडून सोन्याचांदीची प्रचंड खंडणी वसूल केली आणि वर्ष उलटायच्या आत त्याला ठार मारले. प्रसंग असा आहे, की एकदा वाचल्यावर तो मनातून जात नाही, आणि अभ्यासाला नेमकी हीच गोष्ट अडचणीची ठरते. येथून सुरुवात केली, की पुढची जवळजवळ तीन शतके म्हणजे या एका दिवसाचा परिणाम, असे वाटू लागते. प्रत्यक्षात काहामार्कामध्ये फक्त सत्ता हिसकावली गेली. ती चालवायची कशी, याचा निकाल लागायला आणखी चाळीस वर्षे जावी लागली. त्या काळात स्पॅनिश लोक आपापसांतच लढत होते. मूळ रहिवाशांच्या राबणुकीवर मर्यादा घालणारे १५४२ चे कायदे घेऊन आलेला पहिला व्हाइसरॉय ब्लास्को नुन्येझ व्हेला १५४६ मध्ये किटोजवळच्या लढाईत स्पॅनिश बंडखोरांच्याच हातून मारला गेला, आणि त्या बंडाचा म्होरक्या, फ्रान्सिस्कोचा सावत्र भाऊ गोन्सालो पिझारो, याचे डोके १५४८ मध्ये उडवण्यात आले.

म्हणून अभ्यासाची सुरुवात १५६९ पासून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या वर्षी फ्रान्सिस्को दे तोलेदो हा पाचवा व्हाइसरॉय लिमाला आला आणि पुढच्या बारा वर्षांत त्याने जी व्यवस्था बसवली, ती थोड्याफार फरकाने राजवटीच्या अखेरपर्यंत टिकली. ती नीट समजली, की मागे जाऊन काहामार्का वाचावे आणि पुढे जाऊन १७८० चा उठाव वाचावा. दोन्ही वेगळे दिसू लागतात. वाचताना मात्र एक प्रश्न सतत हाताशी ठेवावा: हे काम कोणी केले, कोणाच्या हुकमाने केले, आणि त्याची नोंद कोणी कशासाठी ठेवली? पेरूच्या वसाहतीत चांदी, कर, चर्च, न्यायालय अशा कोणत्याही विषयाचा धागा धरला, तरी तो अखेर राबणाऱ्या माणसापाशी पोहोचतो.

आधी नकाशा आणि वर्ष जुळवून घ्यावे

‘पेरू’ या नावाचा प्रदेश दर काही दशकांनी बदलतो. सोळाव्या शतकात लिमाच्या व्हाइसरॉयच्या अधिकारात पनामापासून चिलीपर्यंतचा बहुतेक स्पॅनिश दक्षिण अमेरिका येत असे. अठराव्या शतकात, आधी १७१७ मध्ये आणि मग कायमची १७३९ मध्ये, न्यू ग्रानादाची वेगळी व्हाइसरॉयल्टी झाली आणि उत्तरेचा भाग तुटला. १७७६ मध्ये बुएनोस आइरेस येथे राजधानी असलेली रिओ दे ला प्लाताची व्हाइसरॉयल्टी स्थापन झाली, तेव्हा आजचा बोलिव्हिया, म्हणजे त्या काळचा चार्कास किंवा वरचा पेरू, पोतोसीच्या खाणींसह तिकडे गेला. त्यामुळे ‘पेरूचे उत्पन्न’ किंवा ‘पेरूची लोकसंख्या’ असे शब्द दिसले, की आधी वर्ष पाहावे आणि त्या वर्षाचा नकाशा समोर ठेवावा.

गावांच्या नावांचेही तसेच आहे. १५३५ मध्ये वसवलेले लिमा जुन्या कागदांत ‘राजांचे शहर’ म्हणून येते. चुकिसाका, ला प्लाता आणि आजचे सुक्रे हे एकच शहर आहे, तर वामांगा म्हणजे आजचे आयाकुचो. वहीच्या एका पानावर अशा नावांची यादी करून ठेवली, तर पुढचा बराच गोंधळ वाचतो.

तोलेदोची व्यवस्था सावकाश वाचावी

या टप्प्यावर घाई करू नये. तोलेदोने १५७० ते १५७५ या काळात स्वतः डोंगराळ प्रदेशात फिरून पाहणी केली आणि तिच्या आधारे तीन गोष्टी एकमेकींत गुंफल्या. पहिली म्हणजे वस्त्या. डोंगरउतारांवर विखुरलेल्या वाड्या उठवून दहा लाखांहून अधिक लोकांना चौकोनी आखणीच्या, मध्ये चर्च आणि चौक असलेल्या नव्या गावांत बसवण्याचे काम त्याने हाती घेतले. अँडीजमधील कुटुंबे वेगवेगळ्या उंचीवर शेती करत. वर बटाटा, खाली मका, आणखी खाली कोका. एका ठिकाणी गोळा केल्यावर ही सगळी शेते सांभाळणे अवघड झाले, पण माणसे मोजणे मात्र सोपे झाले. दुसरी गोष्ट म्हणजे कर. अठरा ते पन्नास वर्षांच्या प्रत्येक पुरुषामागे गावावर ठरावीक रक्कम बसवली गेली आणि ती गोळा करण्याची जबाबदारी गावाच्या वंशपरंपरागत प्रमुखावर, म्हणजे कुराकावर, टाकली गेली.

तिसरी गोष्ट म्हणजे मिता. आळीपाळीने श्रम देण्याची पद्धत इंकांच्या काळातही होती, आणि त्या बदल्यात राज्याने खाऊपिऊ घालावे, कोठारे उघडावीत, अशी अपेक्षा असे. तोलेदोने नाव तेच ठेवले आणि देणेघेणे काढून टाकले. पोतोसीच्या मितासाठी त्याने सोळा प्रांत नेमून दिले. तेथील कामाच्या वयाच्या पुरुषांपैकी साधारण सातव्या हिश्श्याने, म्हणजे सुमारे १३,५०० जणांनी, दरवर्षी पोतोसीला जायचे. त्यांचे तीन गट असत. एका आठवड्यात सुमारे ४,५०० माणसे सक्तीच्या कामावर आणि उरलेली विश्रांतीवर, अशी कागदावरची रचना होती. खाणीतल्या कामाचा रोज साडेतीन रेआल (रेआल हे चांदीचे नाणे) ठरला होता. चार हजार मीटर उंचीवरच्या, जवळपास काहीच न पिकणाऱ्या त्या महागड्या शहरात या मजुरीत घर चालत नसे, म्हणून विश्रांतीच्या आठवड्यांतही माणसे कुठेतरी मजुरी करत. दूरच्या प्रांतांतून येणारी कुटुंबे लामा या ओझे वाहणाऱ्या प्राण्यांच्या पाठीवर वर्षभराचे अन्न लादून कित्येक आठवड्यांचा प्रवास करून येत. नियमाच्या पुस्तकात एका पुरुषाचे नाव असे, पण वाटेवर बायकामुलेही असत. हे लक्षात ठेवल्याशिवाय १३,५०० या आकड्याचा अर्थ लागत नाही.

मिता नेमका याच वेळी का बसवला गेला, याचे उत्तर धातुशास्त्रात आहे. पोतोसीच्या डोंगरातली चांदी स्पॅनिश लोकांना १५४५ मध्ये सापडली. पहिली पंचवीस वर्षे वरच्या थरातले कसदार खनिज स्थानिक कारागीर वाऱ्यावर पेटणाऱ्या छोट्या भट्ट्यांत वितळवत, आणि चांदी काढण्याचे ज्ञान त्यांच्याच हातात होते. तो थर संपत आला, उत्पादन घसरले. १५७० च्या दशकात तोलेदोने पाऱ्याची पद्धत आणवली. त्यात खनिजाची पूड करून ती मीठ, पाणी आणि पारा घालून कालवायची. पारा चांदीला धरतो, मग तापवून पारा उडवला की चांदी मागे राहते. हलक्या प्रतीचे खनिजही आता परवडू लागले. पण त्यासाठी दगड फोडायला पाणचक्क्या, चक्क्यांना पाणी पुरवायला डोंगरातले तलाव आणि खनिजाचे डोंगर वर आणायला हजारो माणसे लागली. पारा वांकावेलिकाच्या खाणीतून येई आणि तेथेही मिताचेच लोक राबत; तिथली धूळ आणि पाऱ्याची वाफ फुप्फुसांत जाई. पोतोसीची चांदी आणि वांकावेलिकाचा पारा हे दोन विषय पुस्तकांत बऱ्याचदा वेगवेगळ्या प्रकरणांत असतात. वाचताना ते एकत्र आणावेत.

व्यवस्था कागदावर जशी होती, तशी ती फार काळ राहिली नाही, आणि हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मितातून सुटण्यासाठी लोक आपले गाव सोडून दुसरीकडे ‘परके’ म्हणून राहू लागले, कारण परक्यांवर मिता नव्हता. त्यामुळे गावाच्या यादीत पुरुषांची संख्या घटलेली दिसली, तर सगळेच साथीच्या रोगांनी मेले असे धरू नये. काही जण दोन दऱ्या ओलांडून पलीकडच्या जमीनदाराच्या शेतावर राहत असतात. साथी भयंकर होत्या, यात वाद नाही. पण मृत्यू आणि पलायन हे दोन्ही एकाच आकड्यात दडलेले असतात आणि ते वेगळे करणे हे अभ्यासकाचे काम असते. उरलेल्या गावकऱ्यांवर जुन्याच कोट्याचे ओझे पडे, म्हणून कुराका माणसांऐवजी रोख चांदी भरू लागले. ओस पडलेल्या खाणींचे मालक ही चांदी घेऊन खाण न चालवताच नफा कमावत. अशा कागदावरच्या मजुरांना पोतोसीत ‘खिशातले इंडियन’ म्हणत. १६८० च्या दशकात व्हाइसरॉय ड्यूक ऑफ ला पालाता याने परक्यांनाही मोजून मितात ओढण्याचा प्रयत्न केला, पण खाणमालकांपासून कुराकांपर्यंत अनेकांच्या विरोधापुढे तो टिकला नाही.

लिहिणाऱ्याचा हेतू तपासावा

एकाच घटनेच्या दोन परस्परविरोधी नोंदी शेजारी ठेवून वाचणे, ही सवय येथे फार उपयोगी पडते. सरावासाठी मी दोन हस्तलिखिते सुचवेन. पहिले पेद्रो सार्मिएन्तो दे गाम्बोआ याचा १५७२ मधला इंकांचा इतिहास. तो तोलेदोच्या हुकमावरून लिहिला गेला आणि इंका हे स्वतःच परकी जुलमी राजे होते, म्हणून स्पेनच्या राजाची सत्ता न्याय्य आहे, हे सिद्ध करणे हा त्याचा उघड हेतू होता. इंकांची जुनी राजधानी असलेल्या कुस्कोमधील इंका घराण्यांच्या वंशजांसमोर तो वाचून दाखवून त्यांची संमतीही नोंदवून घेण्यात आली. त्याच वर्षी व्हिल्काबाम्बाच्या जंगलातून पकडून आणलेल्या शेवटच्या इंका राजाचा, पहिल्या तुपाक आमारूचा, तोलेदोने कुस्कोच्या चौकात शिरच्छेद केला. संमती देणारे वंशज कोणत्या दडपणाखाली बसले असतील, हे त्यावरून ओळखता येते. तरीही हा ग्रंथ बाजूला टाकू नये, कारण घराणी, जमिनी आणि समारंभ यांची त्यातली माहिती अनेक वृद्ध जाणकारांकडून गोळा केलेली आहे. हेतू कळला, की माहिती कुठे वाकवली असेल आणि कुठे वाकवण्याचे कारणच नव्हते, हे वेगळे काढता येते.

दुसरे हस्तलिखित फेलिपे वामान पोमा दे आयाला या स्थानिक लेखकाचे आहे. १६१५ च्या सुमारास स्पेनच्या राजाला उद्देशून पूर्ण केलेले हे पत्र जवळजवळ १,२०० पानांचे असून त्यात ३९८ पानभर चित्रे आहेत. कोपनहेगनच्या राजग्रंथालयात ते १९०८ मध्ये अभ्यासकांच्या नजरेस आले. आता तेथूनच प्रत्येक पान इंटरनेटवर मोफत पाहता येते. अधिकाऱ्यांची मारहाण, पाद्र्यांची लूट, खाणींतला छळ हे सगळे तो राजाला चित्रांतून दाखवतो. मात्र त्यालाही आपला पक्ष होता. वामांगाजवळच्या जमिनीचा दावा तो हरला होता आणि १६०० मध्ये त्याला फटक्यांची आणि हद्दपारीची शिक्षा झाली होती. त्यापूर्वी तो चर्चच्या तपासनिसाबरोबर स्थानिक पूजापद्धती उखडून काढण्याच्या मोहिमेतही फिरला होता. वामान पोमा या माणसाबद्दल मला अतिशय आदर आहे, आणि म्हणूनच त्याचे पुस्तक केवळ पीडितांचा आवाज म्हणून वाचणे मला अपुरे वाटते. तो कायदा जाणणारा, फिर्याद मांडणारा लेखक होता.

खटल्याचा कागद वाचण्याची पद्धत

मूळ रहिवाशांनी स्पॅनिश न्यायालयांचा प्रचंड वापर केला. गावाने कोरेहिदोरविरुद्ध, म्हणजे प्रांताच्या राजनियुक्त अधिकाऱ्याविरुद्ध, घातलेल्या फिर्यादी शेकड्यांनी सापडतात. असा एक खटला हाती आला, की त्याची रचना आधी ओळखावी. सुरुवातीला अर्ज असतो, मग वकिलाला दिलेले मुखत्यारपत्र, मग साक्षीदारांना विचारायच्या प्रश्नांची यादी, मग एकेकाची साक्ष आणि अखेरीस कधी निकाल, कधी काहीच नाही. प्रश्नांची यादी पक्षकाराचाच वकील तयार करी, आणि प्रश्नांतच हवे ते उत्तर भरलेले असे. त्यामुळे दहा साक्षीदारांनी एकाच शब्दांत तेच सांगितले, तर तो दहापट भक्कम पुरावा ठरत नाही. ते शब्द बहुधा प्रश्नातलेच असतात. एखादा साक्षीदार प्रश्न सोडून काही जास्तीचे बोलतो, अमुक माणसाने माझे खेचर नेले किंवा माझा भाऊ वाटेत वारला असे सांगतो, त्या ओळी वेगळ्या उतरवून घ्याव्यात. साक्ष केचुआ किंवा आयमारा भाषेत दिली जाई, दुभाषा ती स्पॅनिशमध्ये सांगे आणि लेखनिक तृतीयपुरुषी वाक्यांत लिहून घेई. साक्षीदाराला सही येत नसल्यास तसे लिहून त्याच्या वतीने दुसरा सही करी. म्हणजे आपल्यापर्यंत पोहोचणारे वाक्य तिघांच्या तोंडून आलेले असते.

अशा खटल्यांत किपूही भेटतात. गाठी मारलेल्या दोऱ्यांच्या या हिशेबवह्या सांभाळणारे जाणकार न्यायालयात उभे राहून गावाने काय काय दिले ते वाचून दाखवत, आणि विशेषतः सोळाव्या शतकात तो हिशेब पुरावा म्हणून दाखलही होई. वामान पोमाच्या एका चित्रात असा हिशेबनीस दोन्ही हातांत किपू ताणून उभा आहे आणि पायाशी ठिपक्यांनी भरलेल्या घरांची मोजणीची चौकट आहे. ते चित्र पाहून मग खटल्यातली यादी वाचावी.

आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांचा इतिहास खाणींच्या कथेत झाकला जातो. तो लिमात आणि किनाऱ्यावरच्या शेतांत शोधावा लागतो. १६१० च्या दशकातल्या मोजणीत लिमाच्या सुमारे २५ हजार रहिवाशांपैकी दर दहांत चार जण आफ्रिकी होते. त्यांच्यासाठी खरेदीखते, मुक्तिपत्रे, मृत्युपत्रे आणि चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या पाहाव्यात.

आकडे आणि तारखा

पेसो हा शब्द दिसला, की कोणता पेसो ते आधी पाहावे. हिशेबासाठी वापरला जाणारा पेसो एन्सायादो ४५० माराव्हेदींचा (माराव्हेदी हे हिशेबाचे लहान एकक) होता, तर आठ रेआलचा प्रत्यक्ष नाणेरूप पेसो २७२ माराव्हेदींचा. एक हजार एन्सायादो म्हणजे नाण्यांत जवळजवळ १,६५४ पेसो होतात. दोन पुस्तकांतले आकडे जुळत नसतील, तर बऱ्याच वेळा कारण एवढेच असते. चांदीच्या उत्पादनाचे आकडे चांदीवर कर म्हणून घेतल्या जाणाऱ्या राजाच्या पाचव्या हिश्श्याच्या नोंदींवरून काढलेले असतात. कर चुकवून नेलेली चांदी त्यात येत नाही, आणि १७३६ पासून तो हिस्सा दहावा झाला, त्यामुळे त्यानंतर गुणाकार बदलावा लागतो.

तारखांची अडचण लहान आहे. स्पेनने ऑक्टोबर १५८२ मध्ये दहा दिवस वगळून नवे कॅलेंडर स्वीकारले. पेरूला तो बदल उशिरा पोहोचला. लिमात आंतोनिओ रिकार्दो याने १५८४ मध्ये छापलेले पहिले पत्रक या दहा दिवसांविषयीचेच आहे. त्या एकदोन वर्षांतल्या पत्रांचा क्रम लावताना हे ध्यानात ठेवावे.

कागद कुठे शोधावेत

स्पेनच्या वसाहतींचे मध्यवर्ती दफ्तर सेव्हिलमध्ये १७८५ पासून एकत्र केलेले आहे आणि त्यातला मोठा भाग स्पॅनिश सरकारच्या ‘पारेस’ या संकेतस्थळावर मोफत पाहता येतो. येथे शासकीय पत्रव्यवहाराची विभागणी औदिएन्सियांप्रमाणे, म्हणजे उच्च न्यायालयांच्या हद्दींप्रमाणे, केलेली आहे. लिमाची औदिएन्सिया १५४३ ची, चार्कासची १५५९ ची, किटोची १५६३ ची आणि कुस्कोची १७८७ ची. पोतोसीविषयीची पत्रे त्यामुळे चार्कासच्या गठ्ठ्यांत शोधावीत, आणि व्हाइसरॉयने पोतोसीबद्दल लिहिलेली पत्रे लिमाच्या गठ्ठ्यांत. सेव्हिलला पोहोचले ते राजाला कळावे असे कोणाला तरी वाटले म्हणून. गावातले रोजचे भांडण, उधारी, लग्न, वारसा हे सारे लिमाच्या राष्ट्रीय दफ्तरात, सुक्रेच्या राष्ट्रीय दफ्तरात आणि पोतोसीच्या जुन्या टांकसाळीतल्या संग्रहात राहिले आहे. सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंतच्या लेखनिकांचे अक्षर साखळीसारखे सलग वळणारे असते. शक्य तेथे १७०० नंतरच्या कागदांपासून सराव सुरू करून मागे जावे.

१७८० चा उठाव शेवटी वाचावा

एवढी तयारी झाल्यावर होसे गाब्रिएल कोंदोरकांकी, म्हणजे दुसरा तुपाक आमारू, याच्याकडे वळावे. कुस्कोच्या दक्षिणेला तिंता प्रांतात तो कुराका होता आणि खेचरांचे तांडे घेऊन पोतोसीच्या वाटेवर व्यापार करत होता. ४ नोव्हेंबर १७८० रोजी त्याने कोरेहिदोर आंतोनिओ दे आरियागा याला पकडले आणि सहा दिवसांनी फाशी दिले. पण वाचन १७७७ पासून सुरू करावे. त्या वर्षी तो लिमात होता आणि आपल्या प्रांतातल्या गावांना पोतोसीच्या मितातून सूट मिळावी म्हणून अर्ज करत होता. अर्ज फेटाळला गेला. त्याच काळात विक्रीकर चारवरून सहा टक्के झाला, नव्या जकात नाक्यांवर व्यापाऱ्यांची अडवणूक होऊ लागली, आणि कोरेहिदोर गावांवर अव्वाच्या सव्वा भावाने माल लादतच होते. तोलेदोची जुनी व्यवस्था आणि स्पेनच्या बूर्बों घराण्यातल्या राजांचे नवे कर यांचा भार एकाच माणसांवर येऊन पडला होता.

त्याची पत्नी मिकाएला बास्तिदास हिची पत्रे आवर्जून वाचावीत. तुंगासुका येथून ती रसद, परवाने, पैसे आणि हेरांची व्यवस्था पाहत होती आणि डिसेंबरमध्ये नवऱ्याला वेळ न दवडता कुस्कोवर चालून जाण्यास बजावत होती. मूळ रहिवासी विरुद्ध स्पॅनिश अशी सरळ विभागणीही येथे करू नये. कुस्कोच्या बचावासाठी लढणाऱ्यांत मातेओ पुमाकावा हा कुराका होता, आणि त्यानेच १८१४ मध्ये राजवटीविरुद्धच्या उठावात भाग घेतला. १८ मे १७८१ रोजी तुपाक आमारू आणि मिकाएला यांना कुस्कोच्या चौकात क्रूरपणे मारले गेले. तरीही मालाची सक्तीची विक्री रद्द झाली आणि १७८४ मध्ये कोरेहिदोरांची जागा इन्तेन्देन्त नावाच्या नव्या अधिकाऱ्यांनी घेतली. मिता मात्र स्पेनमधील कादिझच्या संसदेने १८१२ मध्ये रद्द ठरवेपर्यंत कायद्याने चालू राहिला.

बहुतेक पुस्तके स्पॅनिश सत्ता मोडणाऱ्या ९ डिसेंबर १८२४ च्या आयाकुचोच्या लढाईपाशी किंवा जानेवारी १८२६ मध्ये लिमाजवळच्या कायाओ बंदराचा किल्ला शरण आल्यावर संपतात. वर सुचवलेला प्रश्न धरून वाचणाऱ्याने मात्र तेथे थांबू नये. मूळ रहिवाशांवरचा कर स्वातंत्र्यलढ्याचा सेनापती सान मार्तिन याने १८२१ मध्ये रद्द केला, १८२६ मध्ये तो नव्या नावाने परत आला आणि पेरूत १८५४ मध्ये बंद झाला. गुलामगिरीही त्याच वर्षी संपली. म्हणून गावागावांच्या करयाद्या १८५४ पर्यंत एका सलग मालिकेत वाचाव्यात आणि स्वातंत्र्याच्या आधीची व नंतरची यादी एकाच गावासाठी शेजारी ठेवून नावे, वये आणि रकमा ताडून पाहाव्यात.